वाघाच्या मावशीची बखर

चौतीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. या चौतीस वर्षांत "सर, याचा उपयोग काय?" हा प्रश्न विचारायचं एकाही वर्गानं सोडलं नाही, आणि एकाही वर्गाला मी समाधानकारक उत्तर देऊ शकलो नाही. पानिपतची तारीख पाठ आहे म्हणून कुणाला बँकेत नोकरी लागल्याचं किंवा कुणाला चांगली मुलगी सांगून आल्याचं माझ्या ऐकिवात नाही. निवृत्त झालो तेव्हा सत्काराच्या भाषणात मुख्याध्यापक म्हणाले, की सरांनी आपलं सारं आयुष्य भूतकाळाला वाहिलं. टाळ्या पडल्या. शाल मिळाली. ती शाल सध्या मांजराखाली आहे.

हे मांजर आमच्याकडे आलं गेल्या श्रावणात. बाहेर धो धो पाऊस, आणि मुलगी ऑफिसातून आली ती ओढणीत काहीतरी गुंडाळून. मला वाटलं, भजी. "बाबा, ओरडू नकोस हं," ती म्हणाली. मी ओरडलो नाही, पण ओढणीतून कोणीतरी ओरडलं. मग एक ओलं, राखाडी, मूठभर डोकं बाहेर आलं. खालच्या मीटरच्या खोलीबाहेर पाण्यात सापडलं म्हणे.

आमच्या हिचा मांजर या प्राण्याविषयीचा अभिप्राय लग्नापासून ठाम होता. "या घरात एक तर मांजर राहील, नाहीतर मी," असं तिनं तीन वेळा जाहीर केल्याचं मला स्पष्ट आठवतं. चौथी वेळ आली असं समजून मी दोन्ही पर्यायांचा शांतपणे विचार करू लागलो, तेवढ्यात ती म्हणाली, "अहो, बघत काय बसलाय? शाल आणा कुठली तरी. गारठलंय बिचारं."

बारशाचा मान हिचा. तिनं नाव ठेवलं ठकी. पुढचे चार दिवस आमच्या घरात घर म्हणून काही चाललं नाही. ठकीसाठी खास उशी आणली, ती सोडून ती माझ्या सत्काराच्या शालीवर झोपली. खास चेंडू आणला, तो सोडून ती माझ्या पायजम्याच्या नाडीशी खेळली. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी टोचण्या टोचल्या आणि बजावलं, की पुष्कळ मांजरांना गाईचं दूध पचत नाही, हिला देऊ नका. "मग इतकी वर्षं मांजरं काय ताक पीत होती?" असं आमच्या हिनं त्यांना विचारलं. त्यावर त्यांनी एक पुडकं लिहून दिलं. त्या पुडक्याचा किलोचा भाव मी आंबेमोहोर तांदळाशी ताडून पाहिला आणि तो विषय घरात पुन्हा काढला नाही.

आमच्या इमारतीच्या आवारात मांजरं पूर्वीपासून आहेत. पूर्वीपासून म्हणजे इमारत नव्हती तेव्हापासून. इथं आमचा वाडा होता. तो पाडून सात मजले उभे राहिले, भाडेकरूंचे मालक झाले, ओसरीची जागा पार्किंगनं घेतली. मांजरं मात्र होती तिथंच राहिली. करारनाम्यात त्यांचा उल्लेख नव्हता, एवढंच. त्यातली सगळ्यांत ज्येष्ठ म्हणजे मावशी. वाघाची म्हणून मावशी. अंगानं राखाडी, एक कान फाटका आणि चाल अशी, की मुलींच्या शाळेच्या पर्यवेक्षिका आठवाव्यात. दुसरा एक भला थोरला बोका आहे. कामाच्या वेळी कधी दिसत नाही आणि जेवणाच्या वेळी अचूक हजर असतो, म्हणून मुलं त्याला 'चेअरमन' म्हणतात. 'शिंक्याचं तुटलं, बोक्याचं साधलं' ही म्हण ज्या बोक्यावरून निघाली, त्याचाच हा वंशज. पण आता शिंकी गेली आणि फ्रिज आले. फ्रिजचं काही तुटत नाही, त्यामुळे बोक्याचंही काही साधत नाही. म्हणून बिचारा खिडकीतून येतो.

ठकी येऊन आठ दिवस झाले आणि खालच्या फळ्यावर सभेची नोटीस लागली. विषय क्रमांक ४ : आवारातील भटक्या मांजरांचा बंदोबस्त करणे. खाली खुलासा होता, की मांजरं पकडून नदीपलीकडे सोडून येणाऱ्या माणसाकडून दर मागवण्यात आले आहेत.

आमच्या हिनं नोटीस दोनदा वाचली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही इतिहास शिकवलात ना चौतीस वर्षं? मग उभे राहा सभेत. सांगा त्यांना, कोण आधी आलं ते."

झालं! आयुष्यात पहिल्यांदा इतिहासाचा उपयोग होण्याची वेळ आली होती. मी कपाटातून वह्या काढल्या, वाचनालयात खेटे घातले, मुलीकडून तिच्या फोनवर जे जे मिळेल ते काढून घेतलं आणि टिपण करायला बसलो. ठकी टिपणावर बसली. अशा रीतीनं आम्ही दोघांनी मिळून ही बखर सिद्ध केली.

कोण आधी आलं, या प्रश्नाचं सरळ उत्तर असं, की आधी धान्य आलं. पश्चिम आशियात ज्याला आम्ही वर्गात 'सुपीक चंद्रकोर' म्हणायचो, तिथं दहाएक हजार वर्षांपूर्वी माणूस शेती करू लागला. पीक आलं, कणग्या भरल्या. कणग्या भरल्याची बातमी उंदरांना लागली आणि उंदरांची बातमी रानमांजरांना. कुत्र्याला माणसानं हाताशी धरलं, बैलाला वेसण घातली, घोड्याला लगाम चढवला. मांजराला मात्र कुणी आणायला गेलं नाही. ते आपल्या पायांनी आलं, कणगीमागं बसलं आणि माणसानं हाकललं नाही म्हणून राहिलं. जगातल्या यच्चयावत घरमांजरांचं मूळ पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या या रानमांजराच्या जातीत आहे, हे आता रक्ताच्या तपासणीनं सिद्ध झालं आहे. म्हणजे मूळ पुरुष म्हणा, मूळ स्त्री म्हणा, भटकीच! पाळीव मांजर आणि भटकं मांजर यांच्यातला फरक इतिहासाच्या दृष्टीनं पाहिला तर एका शालीचा आहे.

पण या पुराव्यापेक्षा मला दुसराच एक पुरावा जास्त आवडला. सायप्रस बेटावर शिलुरोकाम्बोस नावाच्या ठिकाणी फ्रेंच संशोधक उत्खनन करत होते. तिथं त्यांना सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची एका माणसाची कबर सापडली, आणि तिच्यापासून जेमतेम दीड फुटावर स्वतंत्र खड्ड्यात नीट पुरलेलं, आठेक महिन्यांचं मांजर. २००४ साली हा शोध प्रसिद्ध झाला. आता गंमत अशी, की सायप्रस हे बेट आहे आणि मांजर काही तिथलं मूळचं रहिवासी नव्हे. मांजर पोहून येण्याचा संभवही कमीच. आमची ठकी ओल्या फरशीवर पाय ठेवत नाही. म्हणजे कुणीतरी ते नावेत घालून नेलं. साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची नाव ती केवढी असणार! तिच्यात बी-बियाणं, शेळ्यामेंढ्या, पोरंबाळं, आणि एवढ्या गर्दीत एक मांजर. ते का नेलं, हे टिपणात लिहायला मला सुचेना. 'उंदरांच्या बंदोबस्तासाठी' असं लिहिलं आणि पुढं गेलो.

नंतरचा पुरावा आपल्या सिंधू संस्कृतीतला. सिंधमधल्या चन्हुदडो इथं १९३५-३६ मध्ये अर्नेस्ट मॅके यांनी उत्खनन केलं, तेव्हा त्यांना एक वीट मिळाली. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कुणा वीटवाल्यानं ती ओली असताना वाळत घातली असणार. तिच्यावरून एक मांजर गेलं, आणि त्याच्यामागं एक कुत्रं. दोघांची पावलं तशीच उमटून राहिली, वीट भाजली गेली. सिंधू लिपी अजून कुणाला वाचता आलेली नाही, पण ही वीट मात्र कोणालाही वाचता येते. त्या वीटवाल्यानं जी शिवी हासडली असेल, तेवढी फक्त उपलब्ध नाही.

यापुढं मांजराच्या इतिहासातलं सुवर्णयुग येतं, ते इजिप्तमध्ये. तिथं मांजर देवीच झालं. बास्टेट तिचं नाव आणि बुबास्टिस तिचं क्षेत्र. हेरोडोटस लिहितो, की घरातलं मांजर मेलं की घरातली सगळी माणसं भुवया भादरत. (हे वाचून दाखवल्यावर आमची ही माझ्या भुवयांकडे बराच वेळ पाहत होती.) डायोडोरस नावाच्या ग्रीक इतिहासकारानं तर इसवी सनापूर्वी ६० च्या सुमारास स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं लिहून ठेवलं आहे. एका रोमन माणसाच्या हातून चुकून मांजर मेलं. रोमची दहशत एवढी, की खुद्द राजानं त्याला वाचवायला अधिकारी पाठवले; पण जमावानं त्याला सोडलं नाही.

आता कुणी म्हणेल, काय ती भक्ती! पण भक्तीची दुसरी बाजूही इतिहासात असते. देवीला नवसाला वाहण्यासाठी म्हणून मांजरांचे कळपच्या कळप पोसले जात आणि लहानपणीच मान मोडून त्यांच्या ममी करून विकल्या जात. त्या ममी इतक्या निघाल्या, की १८९० साली सुमारे १९ टन मांजर-ममी जहाजानं लिव्हरपूलला गेल्या आणि तिथं खत म्हणून लिलावात विकल्या गेल्या. देव झालं म्हणून मांजराचं फार भलं झालं असं दिसत नाही. कुणाला देव्हाऱ्यात बसवण्यापूर्वी त्याला एकदा विचारून घ्यावं, एवढा बोध मी टिपणात समासात लिहिला.

आपल्याकडे मांजराला कुणी देव केलं नाही. षष्ठीदेवीचं, म्हणजे आपल्या सटवाईचं वाहन म्हणून त्याची सोय लावली, बस. बाकी आपल्या पूर्वजांनी मांजराकडे पाहिलं ते पोलिसी नजरेनं. मांजर शब्द 'मार्जार'वरून आला, आणि मार्जार म्हणजे जो स्वतःला सारखा स्वच्छ करतो तो. पण सारखा स्वच्छ दिसणाऱ्या माणसाविषयी आपल्याला जो संशय येतो, तोच संशय मांजराविषयी आला. मनुस्मृतीत ढोंगी माणसाला 'बैडालव्रतिक' म्हटलं आहे. महाभारतात उद्योगपर्वात दुर्योधन उलूकाबरोबर युधिष्ठिराला निरोप पाठवतो, त्यात गंगेकाठी हात वर करून तप करणाऱ्या मांजराची गोष्ट सांगतो. उंदरांनी त्याला साधू समजून जवळ केलं आणि एकेक उंदीर कमी होत गेला. युद्धाच्या आदल्या संध्याकाळी धर्मराजाला धाडायचा निरोप, आणि त्यात मांजराची गोष्ट! महाबलिपुरमच्या सातव्या शतकातल्या प्रचंड शिल्पपटात हात वर करून तप करणारं असं एक मांजर कोरलेलं आहे, पायाशी उंदरांसकट. एकदा आमच्या शाळेची सहल तिथं नेली होती. अर्जुन, भगीरथ, गंगा हे सगळं मी घसा फोडून सांगितलं. परत आल्यावर निबंध लिहायला दिला, तर चाळीसपैकी सदतीस मुलांनी मांजरावर लिहिला.

पण एका ठिकाणी मात्र आपल्या लोकांनी मांजराचा मान ठेवला आहे. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत वडकलै आणि तेनकलै असे दोन पंथ पडले, ते भक्तानं देवाला कसं धरावं या प्रश्नावर. पहिले म्हणतात, माकडाच्या पिल्लासारखं. पिल्लानं आपण होऊन आईच्या पोटाला घट्ट मिठी मारली पाहिजे. दुसरे म्हणतात, मांजराच्या पिल्लासारखं; पिल्लानं काहीच करायचं नाही, आई मानगुटीला धरून नेईल तिथं जायचं. यालाच मार्जारन्याय म्हणतात.

हे मी आमच्या वॉचमनला समजावून सांगत होतो. सभेत पाठिंबा कुणाचा मिळेल ते सांगता येत नाही, म्हणून मी खालपासून सुरुवात केली होती. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरोबर हाय सर. त्या दिवशी मावशीनं तेच केलं. मीटरच्या खोलीत पाणी शिरलं तसं एकेक पिल्लू मानगुटीला धरून जिन्याखाली नेलं. तीन नेली. चौथं न्यायला आली, तर ते नव्हतं."

"कधीची गोष्ट ही?"

"ताईंनी ते पिल्लू वर नेलं ना, त्याच दिवशी."

मी वर आलो. आमच्या हिला सांगितलं. ती काही बोलली नाही. ठकी शालीवर पसरली होती. मग मलाच आठवलं, की गेले आठ-दहा दिवस मावशी रोज संध्याकाळी आमच्या पहिल्या मजल्याच्या छज्जावर येऊन बसते. आम्हाला वाटत होतं, पुडक्याच्या वासानं येते.

त्या रात्री मी टिपण घाईघाईनं पुरं केलं. युरोपात सैतानाचं सोबती समजून मांजरांचे जे हाल झाले, ते लिहिले. १२३३ साली नवव्या ग्रेगरी पोपनं एका पत्रात सैतानपूजेच्या वर्णनात काळं मांजर घातलं. बेल्जियममधल्या ईप्र गावी बुरुजावरून जिवंत मांजरं फेकण्याची जत्रा भरे, ती १८१७ पर्यंत चालली. आता तिथं दर तीन वर्षांनी कापडी मांजरं फेकतात. मांजरं मारल्यामुळेच चौदाव्या शतकात युरोपात प्लेग माजला, अशी एक गोष्ट सांगतात. मला ती सभेत फार उपयोगी पडली असती, पण तिला पुरावा नाही, म्हणून नाइलाजानं खोडली. चौतीस वर्षांची सवय.

पण प्लेग म्हटल्यावर मला लांब जायची गरजच नव्हती. १८९६ च्या सप्टेंबरात प्लेग मुंबईत उतरला आणि काही महिन्यांत पुण्यात आला. १० मार्च १८९७ ला प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या. हे सगळं मी दरवर्षी शिकवलं. मुलांना रँड आवडायचा, म्हणजे त्याचा शेवट आवडायचा. प्लेग कसा पसरतो हे मात्र तेव्हा कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं उंदरावरच्या पिसवांकडे बोट दाखवलं, आणि पुढं कित्येक वर्षं त्याच्यावर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. १९०८ साली तर आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडाकडचा एक सरकारी डॉक्टर, अँड्र्यू ब्यूकॅनन, यानं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांजरांवरच लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं, की ज्या गावांत घरोघर मांजरं, तिथं प्लेग कमी. तेव्हा मांजरं पाळा!

आमच्या पणजीनं हा लेख वाचला नव्हता. तिला वाचता येत नव्हतं. पण उंदीर पडू लागले की घर सोडायचं, हे त्या काळी पोरासोरांनाही कळत होतं. याच जागेवरच्या वाड्यात उंदीर पडले आणि लोक गावाबाहेर झोपड्या बांधून राहायला निघाले. पणजीच्या कडेवर एक मूल, एक बोटाला. गाडीत भांडी, धान्य, देव. आणि एका पाटीत, वरून फडकं बांधून, मांजर. ही गोष्ट आजी आम्हाला दर वेळी पाटीपर्यंत आली की थांबून सांगायची. मी लहानपणी एकदा विचारलं होतं, "आजी, पण झोपडीत मांजर कशाला?" आजी म्हणाली, "कशाला म्हणजे? घर सोडून निघालो, ते एकट्याला मागं ठेवून कसं जायचं?"

ही गोष्ट मी टिपणात घातली नाही. सभेत पुरावा लागतो.

सभा रविवारी सकाळी पार्किंगमध्ये भरली. पहिले तीन विषय पाण्याच्या टाकीचे होते, त्यामुळे चौथ्यापर्यंत येईतो निम्मी माणसं आंघोळीला गेली होती. मी उभा राहिलो. कणगीपासून सुरुवात केली. इजिप्तपर्यंत लोक बरे होते. मग मी माझं ब्रह्मास्त्र काढलं. लंडनच्या पोस्टाच्या मनीऑर्डर कचेरीत उंदीर कागद कुरतडत, म्हणून १८६८ साली तिथं तीन मांजरं रीतसर नेमली गेली. त्यांच्या जेवणखाणासाठी आठवड्याला दोन शिलिंग मागितले होते, साहेबानं एक मंजूर केला आणि शेरा मारला, की उरलेलं पोट त्यांनी उंदरांवर भरावं. सहा महिन्यांत उंदीर कमी न झाल्यास भत्त्यात कपात करण्यात येईल. सभेतल्या निवृत्त सरकारी नोकरांनी इथं मनापासून मान डोलावली. या खात्यातलं शेवटचं मांजर, ब्लॅकी, १९८४ साली वारलं, हेही सांगितलं. लंडनच्या रस्त्यावर भटकणारा लॅरी नावाचा बोका २०११ साली पंतप्रधानांच्या घरी उंदरांवर नेमला गेला आणि २०२४ पर्यंत त्यानं सहा पंतप्रधान पाहिले, हेही सांगितलं. "सारांश," मी म्हणालो, "मांजर हा उपयुक्त प्राणी आहे. मांजरं घालवाल तर उंदीर येतील."

एवढ्यात पाचव्या मजल्यावरचा तरुण इंजिनिअर उभा राहिला. हातात फोन. "सर, सॉरी हं," तो म्हणाला, "पण २०१८ मध्ये न्यूयॉर्कला एका कचऱ्याच्या कारखान्यात कॅमेरे लावून अभ्यास केलाय. मांजरं होती, मोठे उंदीरही होते. पाच महिन्यांत मांजरांनी उंदीर मारले किती? दोन!"

सभेत हशा. "आपल्या मावशीपुढून तर घूस आरामात जाते," मागून कोणीतरी म्हणालं. हे खरं होतं. मी स्वतः पाहिलं होतं; मावशीनं घुशीला रस्ता दिला होता. मी टिपण चाळलं. साडेनऊ हजार वर्षं माझ्या बाजूनं होती, पण त्या दोन उंदरांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. सेक्रेटरी म्हणाले, "सरांच्या घरातलं मांजर पाळीव आहे, त्याला कुणाचा आक्षेप नाही. प्रश्न भटक्यांचा आहे. तर दर असे आलेत—"

"मला काही विचारायचंय," तळमजल्यावरच्या आजी बोलल्या. त्या सभेला येत नाहीत. त्यांचं दारच पार्किंगला लागून आहे, म्हणून उंबऱ्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या. मुलगा अमेरिकेत, वय सत्त्याऐंशी. "ती राखाडी नेली तर मला गोळीची आठवण कोण करणार? ती चार वाजता दाराशी येते. आली की मी गोळी घेते. घड्याळ आहे हो घरात, पण घड्याळ दाराशी येऊन बसत नाही."

कुणी हसलं नाही. इंजिनिअरनं फोन खिशात ठेवला. "आजी, मी फोनवर गजर लावून देतो," असं म्हणायला तो तोंड उघडत होता असं मला वाटलं, पण त्यानं शहाणपणानं मिटलं.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलांनी १९६० चा प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा काढला. आमच्या हिनं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं सांगितलं, की ही नेलीत तर मोकळ्या जागेवर दुसरी येतात. त्यापेक्षा शस्त्रक्रिया करून, टोचून, इथंच ठेवा, म्हणजे वाढणार नाहीत. खर्च किती, असं सेक्रेटरींनी विचारलं. तो नदीपलीकडच्या माणसाच्या दरापेक्षा जास्त होता. पण इंजिनिअर म्हणाला, चेअरमनचा खर्च मी करतो. खरे चेअरमन दचकले. त्यांना खुलासा करावा लागला. इतिवृत्तात नोंद झाली : 'मांजरांच्या विषयावर साधकबाधक चर्चा होऊन शस्त्रक्रियेचा ठराव संमत.' माझ्या टिपणाचा उल्लेख नव्हता.

जिना चढताना मी म्हटलं, "इतिहासाचा काही उपयोग झाला नाही बघ."

"पणजीची पाटी का नाही सांगितलीत?" ती म्हणाली.

"त्यात उपयोग कुठं होता?"

"म्हणूनच सांगायची होती," ती म्हणाली आणि कुलूप काढू लागली.

सायप्रसच्या नावेतलं मांजर का नेलं, या प्रश्नापुढं मी टिपणात जे लिहिलं होतं, ते घरात आल्यावर खोडलं. दुसरं काही लिहिलं नाही. जागा मोकळी ठेवली.

दिवाळीपूर्वी मावशीची शस्त्रक्रिया झाली. जखम भरेपर्यंत ती आमच्याकडेच होती. ठकीला ओळख पटली म्हणावं, तर पहिल्या दिवशी दोघी एकमेकींवर इतक्या फिसकारल्या, की आमच्या हिला आपली सासू आठवली. पाचव्या दिवशी सकाळी पाहिलं तर दोघी शालीवर, पाठीला पाठ लावून. सहाव्या दिवशी मावशी दार उघडताच निघून गेली. चार वाजायला आले होते.

परवा पार्किंगमध्ये नवा कोबा केला. गवंड्यानं संध्याकाळी घोटून गुळगुळीत केला, दोऱ्या बांधल्या, वॉचमनला पहाऱ्याला बसवलं. सकाळी पाहिलं, तर एका टोकापासून तळमजल्याच्या दारापर्यंत सरळ रेषेत चार-चार बोटांची पावलं. सेक्रेटरींनी गवंड्याला पुन्हा बोलावलं. तो थापी घेऊन आला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "सुकलंय आता. फोडावं लागंल." खर्चाचा आकडा ऐकून सेक्रेटरी म्हणाले, "राहू द्या."

मी रोज सकाळी दूध आणायला जाताना ती पावलं ओलांडून जातो. मागं कुत्रं नव्हतं, एवढीच चन्हुदडोपेक्षा प्रगती.